मागे कोण उभं राहणार

हॅचेट बेंड कॉलेज, अलाबामा
९ सप्टेंबर १९७९

लव्हेल,

काल फुटबॉलच्या हंगामातला पहिला सामना झाला आणि मी सगळा वेळ बाकावर बसून होतो. तुला फोन करणार होतो, पण आमच्या वसतिगृहात एकच फोन आहे, मागे रांग असते आणि रांगेतला प्रत्येक जण कान लावून ऐकतो. म्हणून पत्र. हे कुणाला दाखवू नकोस. मावशीला तर नाहीच, कारण तुझ्या आईला कळलं की माझ्या आईला कळलंच.

माझ्या जागेवर कोण खेळला ते ऐक. ओथा बिलप्स. वय चोवीस, सैन्यात जाऊन आलेला, डोक्यावर एक केस नाही, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या. गावात भाड्याच्या घरात बायको आणि पोर. मुलं त्याला 'डीकन' म्हणतात, कारण तो चर्चमधल्या वडीलधाऱ्यांसारखा खाकरून बोलतो. चेंडू हातात मिळाला की हा तीन यार्ड पळतो आणि मग कुणीतरी खुर्ची पुढे करावी तसा खाली बसतो. आणि सरावात मी आमच्या बचावाच्या अकराही जणांना मागे टाकून टोकापर्यंत जातो, तेव्हा कोच ट्रॅमेल काय म्हणतात? "छान. जा, पाणी पी."

यापेक्षा वाईट गोष्ट पुढे आहे. डाव सुरू होण्याआधी आम्ही पुढे वाकून एका हाताची बोटं जमिनीला टेकवतो ना? माझ्या त्या बोटांखाली कोच कच्चं अंडं ठेवायला लावतात. कॉलेजचा कोंबड्यांचा खुराडा मैदानाच्या मागेच आहे, त्यामुळे अंड्यांना तोटा नाही. कोच डाव पुकारतात, मी वाकतो, आणि अंडं फुटता कामा नये. फुटतं. सगळे हसतात. आता जेवणाच्या हॉलमध्ये मला 'ऑम्लेट' म्हणून हाक मारतात. मी इथे पळायला आलो आहे की उबवायला?

तुला माहीत आहे, दहा नोव्हेंबरला तुमचा लोअर डेल्टाचा संघ इथे येतोय. आईने माउंट नेबो चर्चमध्ये उभं राहून सांगितलं आहे की आपल्या घरातली दोन पोरं एकाच मैदानावर उतरणार, एक इकडून आणि एक तिकडून. चर्चची बस ठरली आहे, पाद्रीसाहेब स्वतः येणार आहेत. सामना दीडला आहे, हे मी आईला दोनदा कळवलं, तरी ती अडीच म्हणते, तेवढं मावशीकडून नक्की करून घे. आणि माझं ठरलं आहे. त्या दिवशी पहिल्या डावापासून मैदानात नसलो, तर मी हे कॉलेज सोडणार आणि घरी लाकडाच्या गिरणीत कामाला लागणार. साऱ्या चर्चसमोर बाकावर बसून राहणं माझ्याच्याने होणार नाही.

तुझा,
ओरेल


लोअर डेल्टा कॉलेज, मिसिसिपी
१६ सप्टेंबर १९७९

अरे ऑम्लेट,

तुझं पत्र जेवताना वाचलं आणि हसून माझ्या नाकातून दूध आलं. खुर्ची पुढे करावी तसा बसतो! गेली तीन वर्षं मी त्या टकल्यासमोर खेळलोय, अगदी तसाच बसतो.

चिडला आहेस ते बरोबरच आहे. कोच लोकांचं मी तुला सांगतो. कोच म्हणजे आतून घाबरलेला माणूस. शनिवारी हरला की रविवारी चर्चमध्ये त्याच्या बायकोशेजारी कुणी बसत नाही. म्हणून तो म्हाताऱ्या खेचरावर बसतो. ते खेचर दौडत नाही, पण खड्ड्यातही पाडत नाही. समोर तरणा घोडा फुरफुरत उभा असला तरी कोच म्हणणार, खेचरच बरं, त्याचा स्वभाव मला माहीत आहे. इथेही तेच. सगळीकडे तेच. प्रश्न तुझ्या पायांचा नाही रे, त्याच्या भीतीचा आहे.

अंड्याचं मनावर घेऊ नकोस. नव्या पोरांचा छळ असतो तो. आम्हाला पहिल्या वर्षी बँडच्या पोरींसमोर उभं करून गाणी म्हणायला लावली होती, आणि माझा आवाज तुला ठाऊक आहे.

गिरणीचं नाव काढू नकोस. दहा नोव्हेंबरला तू मैदानात दिसलाच पाहिजेस. मावशीची सामन्याला घालायची टोपी म्हणे आत्ताच तयार आहे.

लव्हेल

ता. क. सहज विचारतो. अंडं प्रत्येक डावाला फुटतं की काही डावांनाच? इथे पोरांना हा किस्सा सांगितला तर त्यांनी पैज लावली.


हॅचेट बेंड
३० सप्टेंबर १९७९

लव्हेल,

तू विचारलंस म्हणून मी नीट लक्ष दिलं, अंदाजाने लिहीत नाही. मला चेंडू घेऊन धावायचं असेल तेव्हा फुटतं. क्वार्टरबॅक चेंडू फेकणार असेल आणि मला मागे थांबून त्याला राखायचं असेल, तेव्हा फुटत नाही. धावायचं असलं की माझा भार पुढे बोटांवर येतो, राखायचं असलं की मागे टाचांवर. पैज कुणी जिंकली ते कळव.

काल मला थोडा वेळ आत सोडलं. पहिल्याच डावाला मी डावीकडून निघालो आणि टोकाला जाऊनच थांबलो. लोक उभे राहिले, बँड वाजायला लागला. मला वाटलं, झालं, आता संपला बिलप्स. पुढच्याच डावाला चेंडू फेकायचा होता. मी मागे थांबलो. मधून त्यांच्या बचावातला एक लाइनबॅकर सुटून आला. मला वाटलं त्याला आमचा पुढचा गडी अडवेल. त्याने अडवलं नाही. तो सरळ वेंडलवर, म्हणजे आमच्या क्वार्टरबॅकवर, पाठीमागून जाऊन आदळला. वेंडल उठला तेव्हा तोंडातून गवत थुंकत होता.

कोचनी मला कॉलर धरून बाहेर ओढलं.

"तो माणूस कुणाचा होता?"

"मला वाटलं, पुढच्याचा."

"वेंडलला काय वाटलं ते जाऊन विचार."

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत गेलो. 

"कोच, मी बिलप्सपेक्षा वेगवान आहे की नाही?"

"आहेस."

"मग?"

"पोरा, तू वेगवान आहेस हे अख्ख्या काउंटीला दिसतं. तू कधी निघणार आहेस तेही दिसतं. उद्या अंडी घेऊन ये."

हे काय उत्तर झालं? बाहेर बिलप्स गुडघ्याला बर्फ बांधून पायरीवर बसला होता. म्हणाला, "बाळा, बस इथे. तुझा हात चहाडी करतो. धावायचं असलं की तू बोटं जमिनीत रुतवतोस, नखं पांढरी पडतात, टाच वर येते. राखायचं असलं की हात नुसता गवतावर ठेवलेला. समोरच्याला तू दर डावाआधी तारच पाठवतोस. त्या बिचाऱ्या कोंबड्या उगाच कष्ट करत नाहीत."

मी म्हटलं, "तुझी जागा जाईल म्हणून सांगतोयस."

तो म्हणाला, "माझी जागा मे महिन्यात तशीही जाणार आहे. मी पदवी घेऊन निघालो. मला वेंडलची काळजी आहे."

मला त्याचं पटत नाही. ज्याच्या जागेवर मी बसणार, तो मला खरं का सांगेल? पण रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. तू लाइनबॅकर आहेस. असल्या पोरांच्या समोर तूच उभा असतोस. तू सांग, समोरच्याच्या बोटांकडे कुणी बघतं का? तू जे सांगशील ते मी धरून चालेन.

ओरेल


लोअर डेल्टा
९ ऑक्टोबर १९७९

ओरेल,

बोटांकडे? अरे वेड्या, मैदानात समोर धिप्पाड गडी डुकरासारखे घुरघुरत असतात, माझा कोच शिव्या घालत असतो, वीस हजार लोक आणि दोन बँड बोंबलत असतात. त्यात मी कुणाच्या नखांचा रंग बघत बसू? नखं बघायला मी काय पार्लर काढलंय?

डीकन चतुर आहे. त्याने तुझ्या डोक्यात किडा सोडलाय. आता तू धावायच्या ऐवजी हाताचा विचार करत बसणार, पाय अडखळणार, आणि त्याची जागा पक्की. आणि जागेची पर्वा नसलेला गडी मी अजून पाहिलेला नाही. मी तुझ्या जागी असतो तर कोचसमोर जाऊन सरळ सांगितलं असतं: दहा तारखेला मी पहिल्या डावापासून, नाहीतर माझी बॅग भरलेली आहे. कोचला मऊ माणूस कळत नाही. टेबलावर हात आपटावा लागतो.

पैज मी जिंकलो. तुझ्या नावाने शेंगदाणे खाल्ले.

लव्हेल


हॅचेट बेंड
२८ ऑक्टोबर १९७९

लव्हेल,

तू सांगितलंस तसं केलं. टेबलावर हात आपटला. कोचनी आधी हाताकडे बघितलं, मग घड्याळाकडे, आणि म्हणाले, "बस साडेचारला आहे. थांब्यावर बाक नाही, उभं राहावं लागेल." मी बॅग भरून खरंच थांब्यावर गेलो. बस आली. चढलो नाही. आईची टोपी आठवली. परत येताना ज्या ज्या मुलाने मला पाहिलं त्या प्रत्येकाचा मला राग आला.

पण देवाने ठरवलं. काल बिलप्सचा गुडघा गेला. कुणी मारलं नाही, काही नाही, वळताना आपोआप. कोच माझ्याकडे न बघताच म्हणाले, "दहा तारखेला तू." मला इतका आनंद झाला की मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून पुन्हा राग आला.

आज दुपारी बिलप्स कुबड्या घेऊन आमच्या वसतिगृहाशी आला. खांद्याला पिशवी, पिशवीत अंडी.

"अजून वेळ आहे," म्हणाला. "चल, वाक."

"मला नको. माझा मावसभाऊ लाइनबॅकर आहे. तो म्हणतो, बोटांकडे कुणी बघत नाही."

"असं? कुठे खेळतो हा भाऊ?"

"लोअर डेल्टाला."

लव्हेल, तो हसायलाच लागला. कुबडी खाली पडली, पायरीवर बसून डोळे पुसत हसला. "लोअर डेल्टाला! ओरेल, दहा तारखेला तुझ्यासमोर कोण उभा राहणार आहे रे?" आणि मग हसणं थांबवून म्हणाला, "त्याला तू आणखी काय काय सांगितलंस?"

मी पिशवी हिसकावली आणि एकेक अंडं वसतिगृहाच्या भिंतीवर फोडलं. एकूण एक. "तो माझा भाऊ आहे! माझ्या भावाबद्दल बोलायचं नाही!" वरच्या खिडक्यांतून सगळी मुलं बघत होती. बिलप्सने कुबडी उचलली आणि लंगडत गेला. नंतर मी बादली आणून भिंत धुतली, कारण वाळलं की निघत नाही.

मी तुझ्यावर शंका घेत नाही. पण एवढं एक लिही. तू मला खरं सांगितलंस ना? एका ओळीचं पत्र चालेल. दहा तारखेच्या आत पोचेल असं टाक.

ओरेल


हॅचेट बेंड
६ नोव्हेंबर १९७९

लव्हेल,

तुझं पत्र आलं नाही. इथलं टपाल नेहमीच उशिरा येतं. रविवारी आमचा माणूस आणि तुमचा माणूस दर वर्षीप्रमाणे हमरस्त्यावर अर्ध्या वाटेवरच्या पेट्रोल पंपावर भेटले आणि मागच्या सामन्यांच्या फिल्मचे डबे अदलाबदल केले. म्हणजे तू आता मला पळताना पाहिलं असशील. कसा वाटलो?

आई आणि मावशी बसमध्ये एकाच बाकावर बसून येणार आहेत. शनिवारी भेटू. सामन्यानंतर तू आमच्याकडच्या दारापाशी थांब, तिकडून बाहेर पडायला सोपं जातं.

ओरेल


हॅचेट बेंड
११ नोव्हेंबर १९७९

लव्हेल,

मी पहिल्या डावाला वाकलो आणि समोर तू होतास. लहानपणी आपण एका पलंगावर झोपलो आहोत. मला वाटलं तू माझ्याकडे बघून हसशील, निदान एक डोळा मिचकावशील. तू माझ्या तोंडाकडे बघितलंच नाहीस. तू माझ्या हाताकडे बघितलंस आणि ओरडलास, "धाव!" तुमचे सगळे माझ्यावर धावून आले. मी हललोही नव्हतो.

पुढच्या डावाला "फेक!" मग पुन्हा "धाव!" तू एकदाही चुकला नाहीस. मध्यंतरापर्यंत तुमच्या बाकावरची मुलं तुझ्याबरोबर ओरडायला लागली होती, आणि मग स्टँडमधले लोकही. माझ्या आईसमोर वीस हजार लोक मी काय करणार ते माझ्या आधी सांगत होते.

मध्यंतरानंतर मी बोटं हलकी ठेवायचा प्रयत्न केला. ज्याची कधी सवय केली नाही ते आयत्या वेळी कुठून येणार? हात माझा नाहीच असं वाटायला लागलं. हाताकडे लक्ष दिलं की पायांचं विसरायचो, पायांकडे दिलं की तुझा आवाज यायचा. आणि मग तो डाव. तू "फेक!" म्हणालास आणि सरळ माझ्याकडे आलास. मला माहीत होतं तू येणार. तुला अडवायचं काम माझंच होतं, या वेळी मी ते दुसऱ्या कुणावर ढकलणार नव्हतो. तू खांदा डावीकडे टाकलास, मी डावीकडे गेलो, तू उजवीकडून गेलास. वेंडलचं कॉलरबोन मोडल्याचा आवाज मी ऐकला. तूही ऐकलास, तू त्याच्या अंगावरच होतास. आणि तू उठून दोन्ही हात वर केलेस.

कोणती पैज? कुणी लावली होती पैज? मी मूर्खासारखा लक्ष देऊन, तपासून, स्वच्छ अक्षरात तुला लिहून पाठवलं. तुला फिल्मची गरजही नव्हती.

बाबांबरोबर लाकूडतोडीच्या छावण्यांत माझी दोन वर्षं गेली. परत आलो तेव्हा वर्गातली पोरं माझ्या वाचण्यावर हसायची. तेव्हा तू मावशीच्या ओट्यावर बसवून माझ्याकडून एकेक शब्द घोटून घेतलास. तेव्हापासून मी सगळ्या गोष्टी दोनदा तपासतो, फक्त तू सांगितलेली सोडून.

आईचा फोन आला होता. जाताना आई आणि मावशी एका बाकावर होत्या. परत जाताना मध्ये पाद्रीसाहेब बसले.

सामन्यानंतर मी आमच्या दारापाशी आलोच नाही. तू थांबला होतास की नाही ते मला माहीत नाही आणि सांगूही नकोस.

ओरेल प्रुइट


लोअर डेल्टा
१७ नोव्हेंबर १९७९

ओरेल,

आडनावासकट सही केलीस. बरं.

मी थांबलो होतो. तू नको म्हणालास तरी सांगतो.

हो, मी खोटं बोललो. पैज नव्हती. अंड्याचं वाचलं त्याच क्षणी मला कळलं होतं तुझा कोच काय करतोय. कुठल्याही लाइनबॅकरला कळलं असतं. पण आता माझंही ऐक, कारण मीही तुझ्याइतकाच चिडलोय.

तुझ्या कोचने तुला सांगितलं. बिलप्सने शेजारी बसवून, नखांच्या रंगासकट सांगितलं. मोडक्या गुडघ्याने अंडी घेऊन तुझ्या दारात आला. ते दोघं खरं बोलले आणि मी गोड बोललो. तू गोड उचललंस. मी तुझा भाऊ आहे म्हणून नाही रे. मी म्हणत होतो ते तुला हवं होतं म्हणून.

मी चार वर्षं इथे मार खातोय. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत. शनिवारी पहिल्यांदा एका व्यावसायिक संघाचा माणूस मला बघायला स्टँडमध्ये येऊन बसला होता. पहिल्यांदा आणि शेवटचं, कारण मी मे महिन्यात सुटणार. तू "एका ओळीचं पत्र चालेल" म्हणून लिहिलंस, ते पत्र घेऊन मी दोन संध्याकाळी टेबलाशी बसलो. ती एक ओळ म्हणजे माझी चार वर्षं होती. मी ती लिहिली नाही. त्या माणसाने सामन्यानंतर माझा पत्ता घेतला.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू सप्टेंबरपासून विचारतोयस ना, की तुझ्यासारखा घोडा सोडून कोच खेचर का उभं करतो? खेचराची ती गोष्ट मी तुला खूश करायला सांगितली होती. खरी गोष्ट ही आहे. मी तीन वर्षं बिलप्ससमोर उभा राहिलो. त्याच्या हाताकडे बघितलं, टाचांकडे बघितलं, डोळ्यांकडे बघितलं, पार टकलावरच्या घामाकडे बघितलं. काही म्हणजे काही कळत नाही. दर डावाला तोच हात, तोच पाय, तेच झोपाळू तोंड. मागच्या वर्षी मला वाटलं हा धावणार, मी पुढे झेपावलो आणि चेंडू माझ्या डोक्यावरून गेला. आणि राखायला थांबला की तो मला बरोबर गुडघ्यांत धरतो. आठवडाभर पायऱ्या चढता येत नाहीत. त्या टकल्याचा मला इतका राग येतो की त्याचा गुडघा गेल्याचं तुझ्या पत्रात वाचून मी खोलीत नाचलो.

आणि त्याच्या जागी तू येणार हे वाचूनही नाचलो. तू माझा भाऊ आहेस. तरी समोर कोण हवा असं मला कुणी विचारलं असतं तर मी तुझंच नाव घेतलं असतं. यापेक्षा मोठं कारण तुझ्या कोचने द्यायला हवं होतं का?

वेंडलला मारलं ते नियमात होतं. आवाज मीही ऐकला. हात वर केले तेव्हा ऐकला नव्हता, खाली आणताना ऐकला.

आई माझ्याशी बोलत नाही. फोन केला की जेवलास का तेही धाकट्या बहिणीकडून विचारते.

लव्हेल


हॅचेट बेंड
२५ नोव्हेंबर १९७९

लव्हेल,

तुझं पत्र मिळालं. राग गेलेला नाही आणि मी तो घालवणारही नाही. ख्रिसमसला तू घरी येऊ नकोस असं मी म्हणत नाही, तो मावशीचा प्रश्न आहे. पण आलास तर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बस.

तरी लिहितो आहे, कारण काल जे झालं ते समजेल असा दुसरा माणूस माझ्या ओळखीत नाही.

वेंडल खाटेवर, म्हणून शेवटच्या सामन्याला क्वार्टरबॅक म्हणून लूशसला उभं करायचं ठरलं. लूशस माझ्याच वयाचा आहे, माझ्याच खोलीत राहतो, त्याचा आणि माझा पलंग यांच्यामध्ये एक खुर्ची मावते. मंगळवारी सगळा संघ बसला होता. कोच म्हणाले, "मागे ओरेल."

लूशसने हात वर केला. शाळेत करतात तसा.

"कोच, मागे बिलप्सला उभं करा."

"त्याचा गुडघा बघितलास का?"

"बघितला. त्याला चेंडू नाही दिला तरी चालेल."

कुणी हसलं नाही. मी वाट बघत होतो की कुणीतरी हसेल. पुढे उभे राहणारे ते पाच धिप्पाड गडी आपापल्या बुटांकडे बघत होते. मग त्यातला एक म्हणाला, "डीकनला विचारा तरी." बस, एवढंच.

मी उठून खोलीवर आलो आणि बॅग भरायला लागलो. लूशस मागून आला. मी त्याची कॉलर धरली. माझ्या हातून काय झालं असतं सांगता येत नाही. तो म्हणाला, "ओरेल, तू असलास तर आपण जिंकू. हे मी कोचलाही सांगितलंय. पण मला धड घरी जायचंय." त्याचा आवाज इतका बारीक आला होता की माझा हात आपोआप सुटला. मारायला कुणी समोर उरलंच नाही. मी बॅगेवर बसून राहिलो.

काल बिलप्स खेळला. गुडघ्याला इतकं बांधलं होतं की पाय वाकत नव्हता. डाव पुकारला की तो कसाबसा खाली वाकायचा, हात टेकायचा. मी बाकाच्या टोकाला जाऊन फक्त त्याच्याकडे बघत होतो. तू म्हणतोस ते खरं आहे. काही कळत नाही. तो पळूच शकत नाही हे मला माहीत होतं, तरी दर वेळी मला वाटायचं, आता निघेल. त्यांचे लाइनबॅकर अर्धं पाऊल थांबायचे आणि त्या अर्ध्या पावलात लूशसच्या हातून चेंडू सुटलेला असायचा. जे थांबायचे नाहीत त्यांच्या वाटेत तो आडवा पडायचा. दोघेही कोसळायचे. तो सगळ्यांत शेवटी उठायचा, कधी हातांवर रांगत. सगळ्या सामन्यात त्याला चेंडू एकदाही दिला नाही.

आम्ही हरलो. थोडक्यात हरलो. मी असतो तर जिंकलो असतो, असं मी आजही म्हणतो. रात्री कोचसमोरही म्हणालो. ते म्हणाले, "बहुतेक." आणि दिवा बंद करून निघून गेले. त्या 'बहुतेक'ने मला झोप लागली नाही.

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. सामना संपल्यावर लूशसची आई स्टँडमधून उतरून गवतावर आली. ठेंगणी बाई, अंगावर चर्चचा कोट. तिने लूशसला पुढून बघितलं, वळवून मागून बघितलं, त्याच्या जर्सीची बाही ओढली.

"हे काय रे? इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नाही. तुला खेळवलं की नुसतं उभं केलं?"

"खेळलो, आई. पूर्ण खेळलो."

"मग तुला माती कशी लागली नाही?"

लूशसने बोट दाखवलं. बिलप्स खाली बसून पट्ट्या सोडत होता. मातीने माखलेला, टकलावर रक्ताचा ओरखडा. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आपण कोच का?"

"नाही, मॅडम." तो खाकरला. उठायला गेला, जमलं नाही, म्हणून बसूनच हाताने टोपी काढल्यासारखं केलं. "मी याच्या मागे उभा असतो."

तिने वाकून दोन्ही हातांनी त्याचं ते घाणेरडं डोकं धरलं आणि स्वतःच्या कोटाशी दाबलं. चर्चच्या कोटाशी. मग म्हणाली, "जेवायला चला," आणि लूशसला हुकूम केला की दुसऱ्या बाजूने धर. ते तिघं हळूहळू दाराकडे गेले.

मी तिथेच उभा होतो, त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर. मी या काउंटीतला सगळ्यांत वेगवान मुलगा आहे. ती माझ्या शेजारून गेली आणि तिने मला बघितलंही नाही.

मी कॉलेज सोडत नाही. कुणाच्या तरी आईने एकदा मलाही विचारायला हवं आहे, मी कोण म्हणून.

ओरेल